रजिस्टरमधला ड्रायव्हर रात्री दहाला झोपतो

मालक,

नाव लिहीत नाही. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत हायवेच्या कडेला ज्यांच्या गाड्या उभ्या असतात आणि ज्यांच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ड्रायव्हरांच्या कामाच्या तासांचं रजिस्टर असतं, त्यांच्यापैकी ज्याला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल, त्याला ते आलेलं आहे. ज्यांचं रजिस्टर खरं आहे त्यांनी पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये. तुम्ही मात्र वाचा.

असं एक रजिस्टर मी नीट बघितलंय. कुठल्या ऑफिसात ते सांगणार नाही. डाव्या रकान्यात ड्रायव्हरांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक चौकोनात एकच मजकूर: हजर सकाळी ८, जेवण १२ ते १, सुट्टी ५. वरच्या तिघांचा अख्खा महिना निळ्या शाईत होता. चौथ्याच्या सतरा तारखेला रिफिल संपत आलेली दिसत होती, अक्षर फिकं होत गेलं होतं, आणि तिथून पुढे त्याचे उरलेले दिवस आणि खालच्या सगळ्यांचा अख्खा महिना काळ्या शाईत. रोजची नोंद रोज करणाऱ्याच्या हातून असं पान तयार होत नाही. एका बैठकीत, एकेका माणसाचा महिना एका दमात ओढला की असंच होतं. गंमत पुढेच आहे. महिना तीस दिवसांचा होता. छापील रजिस्टरला एकतीस रकाने असतात, मुनीमजींचा हात थांबला नाही, आणि त्या महिन्यात जी तारीख उगवलीच नाही त्या तारखेलाही तुमचे सगळे ड्रायव्हर आठ तास काम करून घरी गेले. सह्या प्रत्येक ओळीच्या शेवटी होत्या. पगाराच्या दिवशी, पगाराच्या आधी घेतलेल्या.

तुमच्या रजिस्टरात राहणारा हा ड्रायव्हर कोण आहे, मालक? तो रोज दुपारी एक तास जेवतो. त्याची गाडी खंबाटकी घाटात कधी अडकत नाही, टायर फुटत नाही, आणि सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे कराडच्या अलीकडे होणारी कोंडी त्याने पाहिलेली नाही. संध्याकाळी पाचला तो मोकळा होतो आणि रात्री दहाला घरच्या अंथरुणावर असतो. या माणसाला तुम्ही कधी पगार दिलेला नाही. ज्याला पगार देता तो वेगळाच आहे. त्याचे डोळे लाल असतात, गालात मावा असतो, पाण्याची बाटली त्याने चेहऱ्यावर मारायला ठेवलेली असते, आणि रात्री दोन वाजता तो आनेवाडी नाक्याच्या पुढे घाटाकडे निघालेला असतो.

"मला काय माहीत तो कधी चालवतो, मी काय त्याच्या शेजारी बसतो?" असं तुम्ही म्हणणार. म्हणू नका. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टोल कापला की मेसेज ड्रायव्हरला जात नाही, ज्याच्या खात्याला टॅग जोडलाय त्याला जातो. तो मोबाईल तुमचा आहे. समजा गाडी रात्री दहाला शिरोलीतून सुटली. पावणेअकराच्या सुमारास किणी, सव्वाबाराला तासवडे, दीडला आनेवाडी, तीन-सव्वातीनला खेड शिवापूर. चार नाके, चार मेसेज, प्रत्येकावर तारीख, तास आणि मिनिट. कपाटातलं रजिस्टर म्हणतं ड्रायव्हर झोपलाय, खिशातला मोबाईल म्हणतो तो खेड शिवापूरला आहे. दोन्ही वह्या तुमच्याच. त्यातली कुठली खरी हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही, कारण त्याच मेसेजवरून तुम्ही त्याला रात्री तीनला फोन करता: "अजून खेड शिवापूरच? काय झोपला होतास काय?"

झोपला नव्हता, मालक. झोपायला पाहिजे होता.

कायद्याचं आता सरळ बोलू, कारण कायदा अवघड आहे म्हणून समजला नाही असं कुणी म्हणू नये. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा. त्यात चार आकडे आहेत आणि ते चौथीतल्या मुलाला पाठ होतील. दिवसाला आठ तास काम आणि आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला अधिकाऱ्यांची आधी मंजुरी घेतली तर दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाची ड्यूटी संपल्यापासून दुसऱ्या दिवशीची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आणि चौथा, जो तुम्हाला सगळ्यात जड जातो: विश्रांतीसकट कामाचा सगळा पसारा एका दिवसात बारा तासांच्या बाहेर जाता कामा नये. जादा काम करून घेतलंत तर दुप्पट दराने पैसे.

या चौथ्या आकड्यावर थोडं थांबतो, कारण तुमची मुख्य पळवाट तिथे बंद होते. "गाडी पार्टीच्या गेटवर सहा तास उभी होती, तेव्हा ड्रायव्हर आरामच करत होता" हा तुमचा आवडता युक्तिवाद. कायद्यात नुसतं हजर राहण्याच्या वेळेबद्दल एक फट आहे हे मला माहीत आहे; पंधरा मिनिटांच्या आतली वाट पाहणीच तिथे कामात धरलीय. पण ती सहा तासांची रांग कामात धरा नाहीतर धरू नका, बारा तासांच्या पसाऱ्यात ती येतेच. सकाळी सहाला ज्याने स्टीअरिंग धरलं, त्याचा दिवस संध्याकाळी सहाला संपला पाहिजे, मग मधे तो गेटवर उभा असो की हमालांची वाट बघत असो.

आणि त्या रांगेतल्या आरामाचं स्वरूप काय असतं हे तुम्ही कधी पाहिलंय का? उसाच्या हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या यार्डात रात्री एक फेरी मारा. नंबर लागेपर्यंत गाडी पुढे पुढे सरकवायची असते. पुढची गाडी दहा फूट हलली की मागून भोंगे सुरू होतात. ड्रायव्हर मान स्टीअरिंगवर टेकवतो आणि दर वीस मिनिटांनी उचलतो. हायवेवर ढाब्यासमोर गाडी लावून झोपावं तर डिझेल चोरीला जातं, आणि गेलेलं डिझेल तुम्ही त्याच्या भत्त्यातून कापता. म्हणून तो टाकीच्या बाजूची काच उघडी ठेवून, अर्ध्या कानाने टाकीकडे लक्ष ठेवून पडतो. याला विश्रांती म्हणायचं असेल तर आधी तुम्ही एक रात्र तसं झोपून सकाळी गाडी चालवत गगनबावड्याला जाऊन या.

तुमच्यापैकी काही हुशार आहेत. १९६१ चा कायदा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता, म्हणून तुम्ही दोन गाड्या स्वतःच्या नावावर ठेवल्या, दोन वहिनींच्या, दोन मेव्हण्याच्या. ऑफिस एकच, मुनीम एकच, डिझेलचं खातं एकच. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, जुना कायदा त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत विलीन झाला आणि तिथला उंबरा पाचाचा दहा झाला. तुम्हाला आणखी सोपं झालं असं तुम्हाला वाटत असेल. तसं वाटून घेऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ९१ काढून बघा. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीवर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाचे तास कामगार कायद्याप्रमाणेच असले पाहिजेत असं ते सांगतं. तिथे पाचाचा हिशोब नाही, वहिनींचा नाही. आणि तेच कलम सांगतं की ठरलेल्या तासांबाहेर काम करणारा जसा दोषी, तसा ते करून घेणारा आणि करू देणाराही दोषी. 'करू देणारा' हे शब्द तुमच्यासाठी आहेत.

मग हे सगळं इतकी वर्षं चाललं कसं? तर जुन्या कायद्यात शिक्षा होती जास्तीत जास्त तीन महिने किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. १९६१ साली पाचशे रुपयांना काही वजन होतं. आज एका चेन्नईच्या फेरीत टोलला त्याहून कितीतरी जास्त जातात. तुम्ही तो दंड खर्चात धरून चाललात. नव्या संहितेत दंड लाखांत गेलाय. आता तरी बघू. पण तपासायला येणार कोण हा प्रश्न आहे तिथेच आहे. आरटीओ वजन बघतात, कागद बघतात, फिटनेस बघतात. पोलीस तोंडाला यंत्र लावून दारू बघतात. ड्रायव्हर किती तासांपूर्वी झोपून उठला हे विचारणारा माणूस मी या रस्त्यावर पाहिलेला नाही.

दारूचं यंत्र निघालंच आहे तर एक गोष्ट ऐका. सलग १७ ते १९ तास जागा असलेल्या माणसाची चाचणी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घेतली. त्याचा हात-डोळ्याचा मेळ आणि प्रतिक्रिया, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळलेली निघाली, काही चाचण्यांत त्याहूनही वाईट. आपल्या देशात गाडी चालवायला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे सकाळी सहाला उठलेला तुमचा निर्व्यसनी, माळकरी ड्रायव्हर रात्री बाराला किणी नाका ओलांडतो तेव्हा तो दारू प्यालेल्या माणसासारखा चालवत असतो, आणि त्याला ती पाजलीय तुम्ही. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर आपणहून झोपेकडे ओढलं जातं. डोळे उघडे असतात आणि मेंदू चार सेकंद बंद पडतो. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी चार सेकंदांत साठ मीटरहून जास्त जाते. पंचवीस टन लोखंड साठ मीटर कुणीही न चालवता जातं, आणि त्या साठ मीटरमध्ये दुधाचा टेम्पो असतो, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असते, पहाटे पंढरपूरला निघालेली दिंडी असते.

आणि नंतर काय लिहिलं जातं? केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा अपघातांचा वार्षिक अहवाल उघडा. २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. कारणांचे रकाने आहेत: अतिवेग, दारू किंवा अमली पदार्थ, उलट्या दिशेने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाईल, आणि इतर. झोपेला रकाना नाही. झोपलेल्या ड्रायव्हरने ब्रेक मारलेला नसतो, म्हणून त्याचा अपघात अतिवेगात जातो. तुमचं रजिस्टर खोटं, त्यामुळे त्यावरून होणारा पंचनामा खोटा, त्यावरून जमणारा देशाचा आकडाही खोटा. सरकार मग वेग मोजायचे कॅमेरे बसवतं. ज्या आजाराचं नाव तुम्ही लिहूच दिलं नाही, त्याच्यावर औषध कोण देणार?

जे लिहिलं गेलं त्यातला एक आकडा देतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली देशातल्या दहा शहरांत हजारावर ट्रक ड्रायव्हरांना विचारलं. सरासरी दिवसाला सुमारे बारा तास गाडी चालवणं, ४१७ किलोमीटर. जवळपास निम्म्यांनी कबूल केलं की झोप येत असताना, अंग मोडून आलेलं असताना आम्ही चालवत राहतो. हे बारा तास नुसते चाक फिरण्याचे आहेत. भरणं, ताडपत्री बांधणं, वजनकाटा, गेट, खाली करणं वेगळं.

तुम्ही भाड्याचं कारण पुढे कराल, आणि ते कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. डिझेल वाढतं, टोल वाढतो, भाडं तिथेच असतं. पार्टी पैसे दोन-दोन, तीन-तीन महिने अडकवते. पुण्याच्या किंवा चेन्नईच्या कंपनीला शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग ठरल्या तासाला गेटवर पाहिजे असतं आणि उशीर झाला की बिलातून कापतात. रात्रीत पोच मागणारी पार्टी या गुन्ह्यात तुमच्याइतकीच आहे, आणि तिचं ऑफिस तुमच्यापेक्षा गार आहे. पण पार्टीसमोर तुम्ही कधी तोंड उघडलंत? डिझेलसाठी चक्का जाम झाले, टोलसाठी झाले, ओव्हरलोडच्या दंडासाठी बैठका झाल्या. आठ तासांसाठी चाक थांबवलेलं मी पाहिलेलं नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हर मात्र स्वतःसाठी थांबले. अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम नव्या न्याय संहितेत आलं होतं. पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते कलम तूर्त बाजूला ठेवावं लागलं. म्हणजे जोर लावला तर दिल्लीही थांबते.

भाड्याच्या हिशोबात एक कागद तुम्ही कायम विसरता. ई-वे बिल. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे, २०२१ पासून. कोल्हापूर ते चेन्नई साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. सरकारने त्या मालाला रस्त्यावर पाच दिवस दिलेत. ताशी चाळीसची सरासरी धरली तर चाक चोवीस तास फिरायला लागतं. आठ-आठ तासांनी एका ड्रायव्हरला तीन दिवस. चौथा दिवस रांगेला आणि पंक्चरला सोडला तरी बिल जिवंतच असतं. तुम्ही काय सांगता? आज संध्याकाळी सुट, परवा सकाळी गेटवर पायजेस. छत्तीस तास. त्यात चोवीस तास गाडी चालवायची आणि उरलेल्या बारात भरणं, खाणं, टोल, सिग्नल, संडास आणि झोप. कायद्याने लोखंडाला जेवढी सवड दिलीय तेवढीसुद्धा तुम्ही माणसाला देत नाही.

याच शिरोलीत फाउंड्रीच्या आत काम करणाऱ्याचा भोंगा आठ तासांनी वाजतो. जादा थांबला तर ओव्हरटाइमची नोंद होते, न झाल्यास युनियन दारात उभी राहते. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, तेव्हा देशाचं मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं, त्यांची माणगावची परिषद या हायवेपासून थोड्याच अंतरावर त्याआधी २६ वर्षं झालेली. त्या ४८ तासांवर शहरातले कितीतरी संसार उभे राहिले. ड्रायव्हरलाही १९६१ पासून तेच ४८ तास आहेत. कास्टिंग एकच. ते भट्टीतून काढून ट्रकच्या फाळक्यापर्यंत आणणाऱ्याला घड्याळ आहे आणि फाळका लावून ते पुढे नेणाऱ्याला नाही, हे कुठल्या न्यायाने? त्याला घड्याळ नाही, कारण ते तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलंय.

"ड्रायव्हरलाच जास्त खेपा पाहिजे असतात, सही तोच करतो." हेही ऐकलंय. खरं आहे, तोच करतो. तुम्ही त्याला तासावर पैसे देत नाही, फेरीवर देता. फेरी रात्रीत झाली तर भत्ता, दुसऱ्या दिवशी पोचली तर भत्ता कापलेला. महिन्याच्या फेऱ्या कमी झाल्या तर मुलाची फी राहते. अशा माणसापुढे तुम्ही रजिस्टर सरकवता आणि म्हणता, "इथं सही कर, मग पाकीट घे." ती सही त्याच्या संमतीची आहे असं तुम्ही कोर्टात सांगाल. बऱ्याच वेळा ते पान कुठल्या भाषेत आहे हेही त्याला वाचता येत नसतं. तो बिहारचा असतो, उत्तर प्रदेशचा असतो, बेळगाव-विजापूरकडचा असतो.

कोर्टाचंच घ्या. गाडी धडकली, माणसं गेली, की ड्रायव्हरवर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लागतो. आता त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जमाव त्याला तिथेच मारतो, ते वेगळं. आणि मग दोन दिवसांनी तुमच्या ऑफिसातून रजिस्टर बाहेर येतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कपाटाबाहेर येतं. त्यात लिहिलेलं असतं की अपघाताच्या आदल्या संध्याकाळी पाचला ड्रायव्हर सुटला होता आणि रात्रभर विश्रांती घेतली होती. म्हणजे झोप पुरी झाली होती, तरी त्याने धडकवलं. त्याच्याच सहीने त्याच्याविरुद्ध साक्ष. रजिस्टर तुम्ही लेबर ऑफिसरला दाखवायला ठेवता असं मला आधी सांगण्यात आलं होतं. लेबर ऑफिसर क्वचित येतो. ते ठेवलंय या दिवसासाठी. तुमची सुटका त्यात आधीच लिहून ठेवलेली आहे, महिन्याभराची, एका बैठकीत.

तुमच्या मुनीमजींनाही हे दाखवा. हिशोबाच्या वह्या फसवणुकीच्या हेतूने खोट्या करणाऱ्या कारकुनाला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निळी-काळी शाई त्यांच्या हातची आहे. अडचण आलीच तर तुम्ही "मला काय माहीत, रजिस्टर मुनीम लिहितात" असं म्हणणार, हे त्यांना आत्ताच कळलेलं बरं.

पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने कित्येक गाड्या उडवल्या. पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं की उतारावर ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं. लोकांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. मी हे उदाहरण झोपेचं म्हणून देत नाही. डिझेल असो की झोप, रस्त्यावरची प्रत्येक कसर ड्रायव्हरच्या शरीरातून काढायची ही धंद्याची रीतच झालीय, म्हणून देतो. डिझेल मोजून देता, ते तो उतारावर वाचवतो. तास मोजून देत नाही, ते तो झोपेतून काढतो.

बाहेर काय चालतं तेही बघा, कारण "जगात असंच असतं" हे वाक्य तुमच्या तोंडी असतं. युरोपात दिवसाला नऊ तास चालवता येतं, साडेचार तासांनी पाऊण तास थांबावं लागतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. अमेरिकेत पूर्वी ड्रायव्हर स्वतःच्या हाताने लॉगबुक लिहीत. तिथेही दोन-दोन वह्या असायच्या, मालक तिथेही तुमच्यासारखेच होते. शेवटी डिसेंबर २०१७ पासून इंजिनाला जोडलेलं यंत्र सक्तीचं केलं, कारण माणसाच्या हातातल्या पेनवर विश्वास उरला नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर १९७९ सालीच चार तास सलग आणि नऊ तास एकूण अशी मर्यादा घातली होती. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. नितीन गडकरींनी २०२१ साली ट्रक ड्रायव्हरांचे तास वैमानिकांसारखे ठरवले पाहिजेत असं म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ते चांगलंच झालं. पण थकलेल्या माणसाला गारव्यात झोप लवकर लागते, आणि तासांचं काम अजून बाकी आहे.

मला तुमच्याकडून काय पाहिजे? सरकारी यंत्र येईपर्यंत थांबायची गरज नाही. फास्टॅगचं स्टेटमेंट दर महिन्याला निघतं. ते रजिस्टरला जोडा आणि दोन्ही एकमेकांशी जुळू द्या. तासांची नोंद ड्रायव्हरच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या, एक प्रत त्याच्या खिशात राहू द्या. भत्ता फेरीवर नको, दिवसावर द्या, आणि उशिरा पोचल्याची कापणी बंद करा. ड्रायव्हर बदलायची सोय कराडला, हुबळीला, चित्रदुर्गला करता येते. एसटीचे लोक ड्यूटीचा तक्ता करून कित्येक वर्षं चालवतातच, आणि आपल्याच देशात गाडी पुढे आणि ड्रायव्हर माघारी या पद्धतीने माल नेणाऱ्या कंपन्या होऊन गेल्यात. एकेकट्या मालकाला हे परवडत नसेल तर चौघांनी मिळून करा. गाड्या वेगळ्या नावांवर ठेवताना चौघं एकत्र येताच की.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागेल, म्हणून आजचं सांगतो. आज संध्याकाळी शिरोलीत चेन्नईची जी गाडी भरतेय, तिचा ड्रायव्हर काल रात्रीच मुंबईहून आलाय आणि सकाळपासून ताडपत्री घेऊन लोडिंगला उभा आहे. तिच्यावर दुसरा ड्रायव्हर चढवा. मिळत नसेल तर त्याला आत्ता घरी पाठवा, आणि पार्टीला स्वतः फोन करून सांगा की गाडी उद्या सुटेल आणि परवा सकाळी नाही, तेरवा रात्री गेटवर येईल. ई-वे बिल तोपर्यंत चालू आहे.

कळावे.

रोज याच हायवेने जाणारा
एक कोल्हापूरकर